ओरलॉकचे ऊन

शनिवारी कट्ट्यावर वाद पेटला तो अनिलच्या एका वाक्यावरून. दिग्दर्शक मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ ही सरळसरळ उचलेगिरी आहे, असे त्याचे म्हणणे. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या रक्तपिपासूच्या कादंबरीचे हक्क न घेताच प्राना-फिल्म या जर्मन कंपनीने १९२२ साली हा मूकपट काढला, ड्रॅक्युलाचा काउंट ओरलॉक केला आणि लंडनच्या जागी विस्बोर्ग नावाचे कल्पित बंदर आणले; पुढे स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. (तो तंतोतंत पाळला गेला असता, तर त्या रात्री आम्हाला भांडायला विषयच उरला नसता.)

“हक्क बुडवले, हे मान्य,” सुधा म्हणाली. “पण श्रेयनामावलीत त्यांनी स्टोकरच्या कादंबरीचे नाव उघडपणे दिले होते. आणि मला सांग, ओरलॉक मरतो कशाने?”

“उन्हाने. सगळेच रक्तपिपासू उन्हाने मरतात.”

“कादंबरीतला ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये हिंडतो रे! दिवसा त्याची शक्ती तेवढी उणावते, आणि शेवटी त्याचा जीव जातो तो सुऱ्यांनी. कोंबडा आरवेपर्यंत नायिका एलेन ओरलॉकला आपल्यापाशी गुंतवून ठेवते आणि सकाळच्या उजेडात त्याचा धूर होतो, ही करामत या चित्रपटाची स्वतःची आहे.”

अनिल हटला नाही. उजेडाचे इतके वावडे असेल, तर शवपेटी काखोटीला मारून ओरलॉक विस्बोर्गमधून लख्ख प्रकाशात कसा चालतो, असे त्याने विचारले. यावर छायाचित्रणात आयुष्य घालवलेले वसंतकाका हसले. रात्रीचे बाह्यचित्रण तेव्हा फार अवघड असल्यामुळे असे प्रसंग दिवसाच चित्रित करीत आणि प्रतीला निळा रंग देऊन त्यांची रात्र करीत. तू पाहिलीस ती रंग नसलेली प्रत, म्हणून तुझ्या ओरलॉकची रात्र उजाडली, असे त्यांनी समजावले.

मला स्वतःला ओरलॉक साकारणाऱ्या मॅक्स श्रेकच्या टोकदार कानांपेक्षा आणि उंदरासारख्या पुढच्या दातांपेक्षा जिना चढणारी ती सावली अधिक भिववते. कादंबरीतल्या ड्रॅक्युलाची सावलीच पडत नाही. इथे मात्र लांब नखांची सावली आधी दाराशी पोहोचते आणि पुढे तिची मूठ एलेनच्या काळजावर आवळली जाते. हे उचलायला स्टोकरकडे मुळात नव्हतेच.

अनिलने ‘उचलेगिरी’ हा शब्द काही मागे घेतला नाही. कादंबरीतला ड्रॅक्युला आरशात दिसत नाही, पण शेवटच्या प्रसंगात ओरलॉक आरशातही दिसतो, ते मुद्दाम की नजरचुकीने, एवढे मात्र त्याने उठता उठता विचारले, आणि आम्ही पुन्हा बसलो.