शिंकायची सोय राहिली नाही

औषधी वनस्पतींची बाग लावणाऱ्याने पावसाला, गोगलगायींना आणि फार तर माकडांना भ्यावं, असं माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. गावकऱ्यांबद्दल त्यांत अवाक्षर नसतं.

वेंगुर्ल्याजवळ आमच्या घरामागे जांभ्याचा कातळ आणि त्यावर वीतभर माती. निवृत्तीनंतर तिथे मी चिरे लावून वाफे केले आणि रोपवाटिकेतून अडुळसा, ब्राह्मी, सर्पगंधा, कोरफड, माका, आघाडा अशी रोपं आणली. प्रत्येकापुढे लाकडी पाटी रोवली. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव.

शेजारच्या काकी गडग्यावरून बघत होत्या.

"आघाडो इकत घेतलंस?"

"होय."

"पैसे दिऊन?"

"होय."

त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. घरात जाऊन सुनेला घेऊन आल्या आणि मग दोघी मिळून बघू लागल्या.

अडुळशाचंही तेच. गुरंशेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून इकडे तो कुंपणालाच लावतात. मी त्याच्याभोवती शेळ्यांसाठी जाळी मारली, ती पाहायला वरच्या वाडीतून माणसं येऊन गेली.

पावसाचं फार सांगत नाही. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, त्यात कोरफडीचं काय होणार? आषाढाच्या आत कुजली. ब्राह्मीला ओल मानवते, ती मस्त पसरली. मग गोगलगायींना ती मानवली.

पण हे सगळं सोसवलं असतं. खरा ताप सुरू झाला तो उरलेल्या झाडांनी जीव धरल्यावर. औषध दारात तयार आहे म्हटल्यावर गावाला आता फक्त रोगी हवा होता, आणि तो आमच्याच घरातला असावा अशी सर्वांची इच्छा दिसली. मुलगा एकदा ओटीवर खोकला. समोरून जाणारे तात्या तिथेच थांबले, अडुळशाची पानं खुडली, स्वयंपाकघरात जाऊन वाफवायला सांगितली, रस काढवला, मध घालवला आणि मुलाने तो पिईपर्यंत झोपाळ्यावरून उठले नाहीत. तेवढ्यात आलेले दुसरे गृहस्थ म्हणाले, आल्याच्या रसाशिवाय त्याला अर्थ नाही. तिसऱ्यांचा मधावर आक्षेप होता. वाद रंगला, चहा झाला, आणि न्याय म्हणून मुलाला तिन्ही प्रकार पाजण्यात आले.

तेव्हापासून आमच्या घरात उघडपणे आजारी पडण्याची सोय राहिलेली नाही. बायको तोंडात पदर कोंबून खोकते. शिंक आली की माणूस माडीवर धावतो. दवाखान्यातून आणलेली खोकल्याची बाटली तांदळाच्या डब्यात असते, कारण फडताळात ठेवली तेव्हा काकींना ती दिसली होती आणि "मगे बाग कित्याक लावलंस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गुळवेल मी लावली नव्हती. ती तात्यांनी आणून काजूवर सोडली. या वेलीचं एक भावंड असतं, त्याच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात, आणि तो वेल गुळवेल समजून घेऊ नका, असं आयुष मंत्रालयाने 2022 मध्ये बजावलं होतं. तात्यांच्या वेलीला पुटकुळ्या होत्या. मी तसं नम्रपणे म्हटलं.

"सरकार काय सांगता तां सांगूंदे. माजो आजो ह्योच रस पियालो."

"आजा किती वर्षं जगला?"

"तां वेगळां," तात्या म्हणाले.

सर्पगंधेची गोष्ट मात्र मी स्वतः हौसेने सांगायचो. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये उच्च रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाबद्दल ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. 1952 मध्ये तिच्या मुळांतून रेसरपिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. श्रोते माना डोलवायचे आणि मग विचारायचे, "मूळ गावतला काय थोडां?" आता मूळ द्यायचं म्हणजे झाड उपटून द्यायचं. शिवाय ही मुळी अंदाजाने घेण्याची गोष्ट नाही. दाब भलताच उतरला तर नारळ फोडूनही वर येत नाही. पण नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. शेवटी मी पाटी काढून टाकली आणि कुणी विचारलं तर "शोभेचं आहे" म्हणू लागलो. या झाडापायी मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली, ती ब्राह्मीच्या रिकाम्या कुंडीत लपवलेली असते.

मग भाद्रपद आला. चाकरमानी उतरले. गणपतीच्या एकवीस पत्री गोळा करणं पूर्वी पोरांचं काम होतं. आता मुंबईच्या पोरांना आघाडा आणि माका यांतला फरक कळत नाही, त्यांच्या बापांनाही कळत नाही, पण वाचता सगळ्यांना येतं. चतुर्थीच्या पहाटे विजेऱ्या घेऊन अर्धी वाडी माझ्या वाफ्यांत पाट्या वाचत होती. आघाडा गेला. माका, मारवा, तुळस, डोरली, विष्णुक्रांता गेली. अडुळसा पत्रीत येत नाही, हे मी ओरडून सांगेपर्यंत तोही दोन घरच्या गणपतींना वाहून झाला होता. गणपतीवर टांगायच्या माटीला बांधायला कवंडळं, म्हणजे ती रानफळं, आहेत का, असंही एकाने विचारलं.

दुपारी आरतीला चुलतभाऊ भेटला. खुशीत होता.

"बरीच पत्री तुझ्याकडेच मिळाली रे. शमी आणि देवदार तेवढा नाही. पुढच्या वर्षी लाव."

"देवदार हिमालयात होतो," मी म्हटलं.

"मग कुंडीत लाव," तो म्हणाला. "आणि पाटीवरची अक्षरं जरा मोठी काढ. पहाटे चष्मा नसतो."