गंजलेला बेंड, दोनशे रुपये आणि पाच वर्षांची गॅरंटी

पावसाळा सरत आला की कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘सायलेन्सरचा बेंड गंजला म्हणून मेकॅनिक नवा घ्यायला सांगतोय? फसू नका. टॉयलेट क्लीनर ओता, तासभर ठेवा, गंज साफ. भोकं पडली असतील तर एम-सील भरा. वरून सिल्व्हर पेंट मारा, नाहीतर पावडर कोटिंग करून घ्या. एक दिवस उन्हात वाळवा. वर हीट टेप गुंडाळली की गंज परत येणारच नाही. खर्च २०० रुपये, गॅरंटी ५ वर्षं.’ खाली पंचवीस अंगठे आणि दोन-तीन ‘नाद खुळा’.

पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. बेंड म्हणजे इंजिनच्या हेडपासून (वरच्या भागापासून) सायलेन्सरपर्यंत जाणारा वाकडा पाइप. तो तांबूस दिसला की ‘बदला’ म्हणणारे मेकॅनिक आहेत, आणि पुष्कळदा बदलायची गरज नसते. पण गरज आहे की नाही हे रंगावरून कळत नाही. गाडी थंड असताना खाली वाकून बेंडच्या पोटाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणक, खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. आवाज भद्द आला, आतून भुगा सरकल्यासारखं वाटलं, तर ड्रायव्हरचं टोक तिथं दाबून बघा. टोक आत गेलं तर विषय संपला, नवाच बेंड घ्या. तीन जागा नीट तपासाव्या लागतात: पाइप इंजिनखाली वळतो तो तळ, सायलेन्सरच्या क्लॅम्पचा जोड, आणि ब्रॅकेट जिथं वेल्ड केलंय ती कड.

तळच आधी का जातो, हे समजलं की मेसेजमधलं निम्मं आपोआप गळून पडतं. एक लिटर पेट्रोल जळलं की धुराबरोबर साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पाइप तापलेला असेल तर ते वाफ होऊन बाहेर जातं. पण गंगावेशीतून शाहूपुरीत जायचं, काम करून परत यायचं, एवढ्यात पाइप आणि सायलेन्सर पुरते तापतच नाहीत. वाफेचं आतल्या आत पाणी होतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि ते तळाशी बसून राहतं. दर रविवारी पन्हाळा-गगनबावडा करणारी गाडी बाहेरून चिखलानं माखलेली असेल, तिचा बेंड आतून बरेचदा चांगला निघतो. रोज दोन किलोमीटर जाणाऱ्या काकांच्या गाडीचा वरून चकचकीत आणि आतून खाल्लेला. आतला गंज बाहेरच्या रंगानं थांबत नाही, मग तो रंग कितीही भारी असो. जुन्या आरएक्स १०० वाल्यांना हा त्रास कमी, कारण टू-स्ट्रोकचं न जळलेलं ऑइल पाइपच्या आतून काळा थर देऊन ठेवतं. तो थर साचून पाइप चोंदतो, ते दुखणं वेगळं.

आता टॉयलेट क्लीनर. गंज जातो, हे खरंय. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते गंज विरघळवतं. पण गंज संपला म्हणून ते थांबत नाही, खालचं लोखंडही खातं. क्रोम तर त्याहून आवडीनं. क्रोमचा बेंड असेल तर तासाभरात चमक गेलेली दिसेल. मोठी अडचण पुढंच आहे. बऱ्याच मोटरसायकलींचे बेंड दुहेरी असतात: आत धुराचा पाइप आणि वरून दिसायला चांगली दुसरी पुंगळी. दोन्हींच्या मधल्या फटीत ॲसिड शिरलं की पाण्याच्या फवाऱ्यानं निघत नाही, खाण्याच्या सोड्याचं पाणीही तिथवर पोचत नाही. वरून धुऊन पुसून तुम्ही गाडी लावता आणि ॲसिडमधलं क्लोराइड आत बसून काम करत राहतं. ॲसिडनं उघडं पडलेलं लोखंड कोल्हापूरच्या ऑगस्टमधल्या हवेत बघता बघता पिवळं पडतं. मग लोक म्हणतात, ‘गंज लगेच परत आला, लोखंडच खराब.’

बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर हे नावालासुद्धा करू नका. एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत बेंडमध्ये धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो आणि धूर साफ करणारी जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बेंडमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये. ॲसिड तिथवर गेलं तर वाचवलेल्या बेंडच्या कितीतरी पट बिल येईल. आणि ॲसिडवर ‘अजून स्वच्छ व्हावं’ म्हणून ब्लीचिंग ओतणारे महाभाग असतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

याच मेसेजच्या एका जुन्या अवतारात टॉयलेट क्लीनरऐवजी कोला होता. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, पण इतकं कमी की हलक्या डागापलीकडं काही होत नाही. त्यापेक्षा क्रोमवरच्या बारीक डागांना ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळं ओरखडे पडत नाहीत. घरगुती उपायांत मला पटलेला हा एकच.

जाड गंज काढायला ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबानं बारीक कण मारून साफ करणं, हाच रस्ता, आणि त्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. ज्या शहराची फाउंड्रीवर, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांवर, रोजीरोटी चालते तिथं ब्लास्टिंगवाला शोधावा लागत नाही. उद्यमनगरात विचारा, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात जा. मात्र एक बघा. तिथला ओतीव माल साफ करायला जे स्टीलचे शॉट (छर्रे) मारतात ते बोटभर जाडीच्या मालासाठी असतात. सव्वा-दीड मिलिमीटर जाडीच्या पाइपावर ते तसेच मारले तर पत्रा ठोकल्यासारखा होतो. बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट, प्रेशर कमी, असं सांगून करून घ्या. आधी सेन्सर काढा आणि दोन्ही तोंडं लाकडी बुचानं घट्ट बंद करा, नाहीतर ते कण आत जाऊन कन्व्हर्टरच्या जाळीत बसेल. ब्लास्टिंग झाल्यावर पाइपाला सुईएवढी भोकं दिसली तर ब्लास्टिंगवाल्याशी भांडू नका. भोकं आधीपासूनच होती, गंजाच्या खपलीनं झाकलेली होती.

एम-सीलचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ते इपॉक्सी आहे. पाण्याच्या नळाला उत्तम, पण दीडशे अंशांच्या आसपासही त्याचा निभाव लागत नाही. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीचा बेंड चढावर हेडजवळ ३०० अंशांच्या सहज वर जातो. जोतिबाच्या घाटात भोक पुन्हा उघडं.

पण यातून एक वेगळाच घोटाळा होतो, तो सांगितलाच पाहिजे. बऱ्याच सायलेन्सरना खालच्या बाजूला कंपनीनंच एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. सकाळी गाडी सुरू केली की तिथून तांबूस पाण्याचे थेंब टपकतात. साचलेलं पाणी जायची वाट आहे ती. ‘भोकं असतील तर भरा’ वाचून लोक तेही बुजवतात. सायलेन्सर कमी गरम असल्यामुळं तिथं एम-सील टिकतंसुद्धा! पाणी आत अडकतं आणि बाकीचा तळ सडायला लागतो. छिद्राची कड गोल आणि साफ असेल तर ते कंपनीचं, वेडीवाकडी आणि पातळ असेल तर गंजाचं.

गंजाचं भोक वेल्डिंगनंच बंद होतं, आणि तेही भोकाच्या कडा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढल्यावर. कागदासारख्या कडेवर कुठलंही वेल्डिंग धरत नाही, भोक मोठं होत जातं. साध्या वेल्डिंगचा रॉड लावणारा असेल तर नमस्कार करून पुढं जा. इतक्या पातळ पाइपाला सीओटू गॅसचं वेल्डिंग चालतं, आर्गनचं सगळ्यांत चांगलं. ठिगळ लावायला जुना जीआय पाइप कापू देऊ नका. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगला त्याचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. बेंड स्टेनलेसचा असेल तर ते आधी सांगा, म्हणजे जोडात भरायची तार (फिलर) त्याप्रमाणे घेतील. इथं लोहचुंबकावर जाऊ नका. सायलेन्सरसाठी वापरतात त्या ४०९ स्टेनलेसला चुंबक चिकटतं आणि वरून थोडा तांबूसपणाही येतो. तो बहुतेक वेळा वरवरचा असतो. वेल्डिंग झाल्यावर एक तोंड बंद करून आत थोडी हवा सोडा आणि जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर परत वेल्डरकडं.

मग रंग. मेसेजमध्ये सगळ्यांत जास्त घोळ इथं आहे. दाराच्या ग्रिलला मारतात तो सिल्व्हर पेंट म्हणजे तेलात किंवा रेझिनमध्ये कालवलेली ॲल्युमिनियमची पूड. रेझिन जळून जातं, पूड बोटाला लागते. खाली रेड ऑक्साइडचा प्रायमर (पहिला हात) मारला असेल तर तोही करपून वरच्या रंगाला घेऊन उडतो. पावडर कोटिंगचंही तेच, फक्त जास्त पैसे घालून. नेहमीची पॉलिएस्टर पावडर भट्टीत १८० ते २०० अंशांना भाजतात. ज्या उष्णतेला ती तयार होते, त्याच्या दीडपट उष्णता तिला रोज बेंडवर सोसायला लावायची आणि टिकावी अशी अपेक्षा करायची! रिमला, चासीला, स्टँडला पावडर कोटिंग जरूर करा. बेंडला करायचंच तर सिलिकॉनची उच्च तापमानाची पावडर वेगळी मिळते, ती मागा. ‘आमची पावडर काय बी सोसते’ म्हणणाऱ्याला पिशवीवरचा आकडा दाखवायला सांगा.

बेंडला लागतो तो सिलिकॉन रेझिनचा हीट रेझिस्टंट पेंट. डब्यावर २००, ४००, ६०० असे अंश लिहिलेले असतात. सायलेन्सरच्या शेपटाला कमी चालेल, हेडजवळ ६०० चाच घ्या. मोटारीचा कास्ट आयर्नचा मॅनिफोल्ड (इंजिनला लागून असलेला धुराचा पाइप) असेल तर ६०० चा रंगही काठावरच, कारण लोडवर मॅनिफोल्ड लालसर होतो. तिथं सिरॅमिक कोटिंगचा विचार करावा.

हा रंग उघड्या, खरबरीत लोखंडावर थेट बसतो. प्रायमर लागत नाही, फक्त त्याच कंपनीनं प्रायमर सांगितला असेल तर तो. ब्लास्टिंग झालेल्या पाइपाला उघड्या हातानं शिवू नका, घामाचे ठसे रंगाखालून वर येतात. थिनरनं पुसा आणि त्याच दिवशी रंग मारा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर मारूच नका, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हे काम काढायचंच नाही. पावसानंतर दिवाळीच्या आसपास हवा कोरडी होते तेव्हा काढा. आणि हात पातळ ठेवा. जाड थर दिला की तापल्यावर फुगे येतात. सवयीनं आपण ‘अजून एक हात’ मारतो, तिथंच घात होतो.

‘एक दिवस उन्हात वाळवा’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं डब्याची मागची बाजू वाचलेली नाही. उन्हात थिनर उडतं, रंग हाताला लागत नाही एवढंच. सिलिकॉन पक्का होतो तो सुमारे २०० अंशांना. तोवर पेट्रोलचा बोळा फिरवला तरी तो पुसला जातो. म्हणून टप्प्याटप्प्यानं भाजतात: साधारण १२० अंशांना अर्धा तास, पूर्ण थंड, मग २०० ला अर्धा तास, परत थंड, मग ३०० च्या वर. शेवटचा टप्पा इंजिन स्वतःच पार पाडतं. गाडीवरच करायचं तर आधी थोडा वेळ नुसतं आयडलिंग, थंड, मग जास्त वेळ, थंड, आणि मग कुठं रस्त्यावर. यात हेडजवळचा भाग नीट भाजला जातो, मागचा अर्धा कच्चा राहतो, आणि पहिल्या पावसात गंजाला मागूनच सुरुवात होते. ओळखीचा पावडर कोटिंगवाला असेल तर त्याच्या भट्टीत दोन टप्पे करून मिळतात. तो कुरकुर करेल, कारण धुरानं त्याचा दुसरा माल खराब होतो. दिवसाच्या शेवटी, भट्टी रिकामी असताना विचारा. पहिल्यांदा तापताना गाडीवरही धूर आणि उग्र वास येतो. काम मोकळ्या जागेत करा, बंद पार्किंगमध्ये नको.

हीट टेपनं (पाइपाला गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्टीनं) गंज परत येत नाही, हे तर बरोबर उलटं आहे. टेप पाणी धरून ठेवते, पाइप जास्त तापतो, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. शर्यतीच्या गाडीला तिचा उपयोग असेल. ती गाडी भर पावसात दसरा चौकात सिग्नलला उभी नसते.

राहिले २०० रुपये. पॉलिश पेपरनं घासून रंगाचा एखादा डबा, इतक्यात हलका गंज असलेला बेंड एखादा पावसाळा बरा दिसेल, हे मान्य. नीट काम म्हणजे ब्लास्टिंग, वेल्डिंग, वेल्डवरून पुन्हा ब्लास्टिंग, रंग, भट्टी. या सगळ्याचा भाव आधी विचारा आणि नव्या बेंडच्या किमतीशेजारी मांडा. रोजच्या शंभर सीसी गाडीला तो निम्म्याच्या वर गेला तर मी नवा बेंड घ्यायला सांगेन, मग मेसेजवाले काहीही म्हणोत. येझदी, राजदूत, जुनी बुलेट, जिथं मूळ पाइप मिळत नाही किंवा मिळतो तो बाजारू पत्र्याचा, तिथं मात्र खर्च करा.

पाच वर्षांबद्दल एवढंच सांगतो की गरम बेंडवर पाणी मारणारं वॉशिंग सेंटर रस्त्यावर असेपर्यंत कुठल्याही रंगाची हमी देता येणार नाही. धुवायच्या आधी गाडी अर्धा तास उभी करा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. बेंड उतरवताना हेडचे नट गंजून धरलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा आणि नट थोडा सुटला, थोडा आवळला, असं करत काढा. जोर केला की स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) मोडतो, तोही ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, आणि तो काढायला लेथवाल्याकडं जावं लागतं. परत बसवताना गॅस्केट नवी घाला. जुनी दबलेली रिंग तशीच बसवली तर तिथून हवा ओढली जाते. मग उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की फटफट आवाज येतो आणि सगळे जण उगीचच कार्ब्युरेटर खोलून बसतात.