काका, दिल्लीची बीआरटी उखडली ते खरं, पण...

काका, नमस्कार. माझ्या बसच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि चार ओळींत उत्तर देणं बरं वाटेना म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी हुबळी-धारवाडला दोन दिवस जाऊन तिथली बीआरटी (बसला वेगळी लेन आणि स्टेशनं देणारी व्यवस्था) बघून आलो आणि लगेच कुडाळ-कणकवलीला बसची वेगळी लेन मागायला लागलो, दिल्लीने बीआरटी उखडली, पुण्यात वाट लागली, आणि इथे स्टँडवर तास तास गाडी लागत नाही तिथे रिकामी लेन काय चाटायची आहे.

शेवटचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर येतोच. आधी दिल्ली.

आंबेडकर नगर ते मूलचंद, जेमतेम ५.८ किलोमीटर. २००८ ला सुरू झाली, २०१६ ला तोडली. पण ती तोडली म्हणजे बसला वेगळी लेन देणंच चूक, असं होत नाही हो. तिथे बसथांबे सिग्नलच्या अगदी तोंडाशी होते आणि कुठलीही बस त्या लेनमध्ये शिरायची, म्हणजे एक बस माणसं घेत उभी, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, आणि तोवर हिरवा दिवा गेला. बाजूला गाडीत बसलेल्या माणसाला मात्र दिसायचं की मी इथे अडकलोय आणि शेजारची लेन रिकामी. हे रिकामं दिसणं फार फसवं असतं. मिनिटाला एक बस धरा, प्रत्येकीत साठ माणसं, म्हणजे तासाला ३६०० माणसं त्या लेनने गेली, आणि तरी दोन बसच्या मधल्या वेळात रस्ता मोकळाच दिसणार. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांचा आवाज मोठा होता, बसमधल्यांना कोणी विचारलं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

पुण्याचं तर अजून वेगळं. २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर केलं तेव्हा लेन सलग नव्हतीच, मध्येच संपायची, चौकात बस पुन्हा सगळ्या गर्दीत. हे म्हणजे पाट खणायचा आणि पाणी कुणग्याच्या (भातशेताच्या) अलीकडेच सोडून द्यायचं. २०१५ ला नव्या मार्गांवर बरंच सुधारलं होतं, तरी नगर रोडची पुढे काढलीच, तेही तुम्ही बरोबर लिहिलंय.

आता हुबळी-धारवाड. मी तिथे फिरायला गेलो नव्हतो काका, आईला दवाखान्यात दाखवायला नेलं होतं. तिचे गुडघे गेलेत. एसटीत चढताना ती आधी दांडा धरते, मग एक पाय पायरीवर, मग मी मागून आधार देतो, आणि तोवर मागची माणसं "चला चला" करत असतात. कंडक्टरचा दोष नाही, त्याला पुढच्या टप्प्याआधी अख्ख्या गाडीची तिकिटं फाडायची असतात. तर तिथे धारवाडला तिकीट स्टेशनच्या दारातच काढलं, आत फलाटावर उभे राहिलो, चिगरी आली (बसला चिगरी म्हणतात, कानडीत हरीण), दार उघडलं आणि फलाट नि बसची जमीन एका पातळीत. आईने सवयीने पाय उचलला आणि हवेतच धरला, मला म्हणते, "पायरी खंय आसा रे?" पायरी नव्हतीच. ती सरळ चालत आत गेली आणि बसली. कोणाचा हात न धरता ती बसमध्ये चढलेली मी किती वर्षांनी बघितली, सांगता येत नाही.

म्हणून मी तो लेख लिहिला.

तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. २२ किलोमीटरचा तो मार्ग, २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रायल सुरू झाली, रीतसर उद्घाटन २०२० मध्ये. बाकीच्या गाड्यांना रस्ता कमी पडतो अशी तक्रार तिथलेही करतात. स्टेशन रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे पोचायला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो, आईसोबत मला तेच सगळ्यात जड गेलं. पण दोन्ही शहरं मोठी, मध्ये कॉलेजं, हॉस्पिटलं, दिवसभर माणसं इकडून तिकडे. तेवढी माणसं आपल्याकडे नाहीत. हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, लेन मागताना मी घाई केली. बस दर दोन-चार मिनिटांनी असेल तरच वेगळ्या लेनला अर्थ आहे, आणि आपला हायवे खारेपाटणपासून झारापपर्यंत चौपदरी झालाय, गाड्या सुसाट जातात, त्याच्या मधोमध म्हाताऱ्या माणसाला उभं करणं तर धोक्याचंच.

पण लेन नको म्हणून बाकीचंही सोडायचं का? कुडाळ, ओरोस, कणकवली, या पट्ट्यात दाखल्याला जाणारे, जिल्हा रुग्णालयात जाणारे, कॉलेजची पोरं, यातल्या सगळ्यांच्या दारात स्कूटर नाही काका. त्यांना सर्व्हिस रोडच्या कडेला बसच्या जमिनीच्या उंचीचा फलाट, वर पत्रा (आपल्या पावसात पत्रा पुढे हातभर जास्त हवा), तिकीट आधी, आणि ठरलेल्या अंतराने गाडी, इतकं मिळालं तरी बीआरटीतलं अर्धं काम झालं. कणकवलीच्या स्टँडसमोर गर्दीत गाडी आत-बाहेर करताना जो वेळ जातो, तिथे फार तर दोनशे मीटर बसला मोकळे द्या. बाकी रस्ता तसाच राहू दे.

बसच्या उंचीचा फलाट म्हणजे दारंही त्या मापाची हवीत, जुन्या लाल गाड्यांना ते जमणार नाही, हेही खरं. नव्या गाड्या घेतानाच ते ठरवावं लागेल, नंतर फलाट फोडण्यात अर्थ नाही.

मूळ लेखातल्या नकाशावरची मधली लेन मी आज काढतोय आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेमुळे काढली असं लिहितोय. फलाट मात्र राहू देतोय. तुम्ही सकाळी कुडाळ स्टँडवर असता असं लिहिलंत, तर ओरोसकडे जाणाऱ्या गाड्या किती आणि किती वेळाने लागतात ते आठवडाभर वहीत टिपून द्याल का? संध्याकाळचं मी टिपतो.