कुकरची शिट्टी कोणत्या ट्रॅकवर घ्यायची?

थोडी ओवी, थोडा गोंधळ आणि बाकी रॉक अशी गाणी गिटारवर रचणाऱ्याला कधीतरी वाटतंच, की स्टुडिओचं तासाचं भाडं भरण्यापेक्षा अल्बम घरीच करावा. पुण्यात हा विचार बहुधा नळ स्टॉपला, दुसऱ्या चहानंतर सुचतो. तिथे कोणीतरी अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा दाखला देतो. १९८२ साली आलेला त्याचा 'नेब्रास्का' न्यू जर्सीतल्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झाला. खरं आहे. पण मुळात ती बँडला ऐकवायची कच्ची टेप होती. बँडसोबत केलेली गाणी तिच्यापुढे फिकी पडली, म्हणून तीच बाहेर आली. आपलं नेमकं उलटं होतं. अल्बम म्हणून सुरू करायचं आणि कच्च्या टेपवर येऊन थांबायचं.

सामान फारसं लागत नाही. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार संगणकाला जोडणारी डबी), एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा), स्टँड, पॉप फिल्टर आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसवरचं बटण दाबलं की केबलमधून पोचणारी वीज, लागते. ते बटण न दाबता 'माइक बंद निघाला' म्हणून भांडायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार एक शब्द न बोलता बटण दाबून दाखवतो, आणि पुण्यात याहून मोठा अपमान नाही. पण मला विचाराल तर पहिले पैसे गिटारच्या तारांवर घालावेत. जुन्या तारांपुढे महागडा माइक ठेवला तर गंज जास्त स्पष्ट ऐकू येतो, एवढंच. नव्या तारा आदल्या दिवशी चढवून, ताणून ठेवाव्यात. ऐनवेळी चढवल्या तर प्रत्येक कडव्याला वेगळा सूर लागतो. पावसाळ्यात गिटारची वरची फळी ओल धरून फुगते, तारा उचलल्या जातात आणि सूर चढतो. त्यामुळे मे महिन्यात मुद्रित केलेल्या गिटारवर जुलैत दुसऱ्या गिटारचा थर चढवू नये.

खरं दुखणं खोलीचं. आपली खोली दहा बाय दहा, आणि बिल्डरने उदार होऊन उंचीही दहाच्या आसपास ठेवलेली. आवाजासाठी याहून वाईट आकार नाही. दहा फुटांच्या दोन भिंतींत साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले स्वर घुमतात. दुप्पट केले की ११२. गिटारची पाचवी तार, म्हणजे खालचा 'ए', ११० वर. तीन्ही दिशांनी माप तेच, त्यामुळे ही एक तार गणपतीच्या मांडवात लाउडस्पीकर लावल्यासारखी बोलते आणि बाकीच्या पाच घरच्या मंडळींसारख्या गप्प. माइक खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवला, तर हे आणखी बळावतं. मध्यापासून आणि कोपऱ्यांपासून दूर सरकावं, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडून ठेवावं, पाठीमागे दोरीवर दोन-तीन जाड गोधड्या टाकाव्यात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नयेत. त्यांनी आवाज जवळजवळ काहीच शोषला जात नाही, आणि सोसायटीत तुम्ही अंडी खाता हे मात्र सगळ्यांना कळतं.

गोधडीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ती खोलीतला आवाज खोलीत घुमू देत नाही; बाहेरचा आवाज अडवणं तिच्या कुवतीतलं काम नाही. ते काम वजनदार भिंतीचं आणि फट नसलेल्या खिडकीचं. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेपाच मीटरांहून जास्त भरते. तिला तुमच्या आजीच्या नऊवारीची गोधडी दिसतसुद्धा नाही. म्हणून गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने, नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू असताना, संध्याकाळी फक्त गाण्याचे शब्द लिहावेत. सकाळ घंटागाडीची. त्यानंतर कुकर. कुकरची शिट्टी कानाला सर्वात टोचणाऱ्या पट्ट्यात असते आणि गाण्याची व्यंजनंही तिथेच राहतात. तिला इक्वलायझरने (ठरावीक पट्ट्यातले स्वर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापलं की गायक बोबडा होतो. लोहगावच्या बाजूला राहणाऱ्यांना वायुदलाची विमानं वेगळी. उरते दुपार, एक ते चार. या शहराच्या झोपेची जगाने कितीही थट्टा केली, तरी घरगुती ध्वनिमुद्रणाला तिच्याइतका आधार कोणाचाच नाही. मात्र पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत सुरू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी.

गिटारपुढे माइक बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) समोर, वीत-दीड वीत अंतरावर. भोकासमोर ठेवला तर नुसता घुमारा येतो, कारण पोकळीतली हवा तिथूनच हेलकावते. रेकॉर्डिंगची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवावी (शून्याला आवाज फाटतो). २४ बिटमध्ये हळू घेतलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर बफर (संगणक एका दमात आवाजाचे किती नमुने घेतो, तो आकडा) १२८ वर आणावा, म्हणजे एका दिशेचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. ५१२ वर दोन्ही दिशांचा मिळून वीसच्या वर जातो, आणि माणूस स्वतःच्याच मागून भजनात ओढ धरल्यासारखा गातो.

गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ सूर, आधी ठरवावी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून 'सी'चा आकार धरला की काळी एक, तिसऱ्यावर काळी दोन. हे ढोलकीवाल्याला बोलावण्याआधी पक्कं करा, कारण ढोलकी त्या सुराला चढवलेली असते आणि 'कॅपो जरा सरकवू का?' या प्रश्नावर तो चहा मागतो. गाणं लोकगीताच्या चालीचं असेल तर क्लिक (हेडफोनमध्ये लय दाखवणारी टिकटिक) लावायचा हट्टही सोडावा. ढोलकी आणि गिटार समोरासमोर बसवून आधी तेवढंच घ्यावं. ठेका जिथे श्वास घेतो तिथे घेऊ द्यावा. आधी क्लिकवर गिटार आणि मग तिच्यावर ढोलकी चिकटवली, तर ती गोंधळी वाटत नाही, शासकीय वाटते.

यानंतर गळा, आणि इथे स्वनिर्मितीचा खरा छळ. गायक म्हणतो 'झकास', निर्माता म्हणतो 'परत', ध्वनिमुद्रक म्हणतो 'मागे भंगारवाला आलाय', आणि तिघांना भूक एकाच पोटात लागते. स्टुडिओत तास संपला की गाणं संपतं. घरात तास संपत नाही. त्यामुळे पाच टेकच्या वर जाऊ नये. सहाव्यापासून सूर सुधारत जातो आणि गाणं मरत जातं.

सगळे ट्रॅक एकत्र करून झालेला मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐकाच. तिथे खालचे स्वर गळून पडतात आणि आपण ज्याच्यावर आठवडे घालवले तो बेस कोणालाच मिळणार नाही, हे समजतं. आवाज दाबून दाबून मोठा करण्यातही अर्थ नाही; स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या एककाच्या) हिशेबाने तो खाली आणून ठेवतं. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरी आयएसआरसी (त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक), मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि कलाकाराचं नाव प्रत्येक वेळी त्याच स्पेलिंगमध्ये, नाहीतर तुमच्याच नावाचे दोन गायक एकमेकांशी स्पर्धा करतात. ऐकणाऱ्याने ३० सेकंद ऐकलं तरच ते मोजलं जातं, तेव्हा तुणतुण्याच्या दीड मिनिटाच्या प्रस्तावनेचा फेरविचार करावा. वर्षात हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेही मिळत नाहीत.

नातेवाइकांना लिंक पाठवली की 'ॲप नाहीये, गाणंच पाठव' असं उत्तर येतं. पाठवायचंच असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग सव्वाचार मिनिटांच्या गाण्याला नवव्या सेकंदाला जोडलेले हात येतात, आणि खाली काकांचा प्रश्न: 'छान. मागे कुकर मुद्दाम घेतलाय का?'