दोषसिद्धी नाही, म्हणून निर्बंध निराधार?

बल्गेरियाचे खासदार आणि पुढे 'डीपीएस – नवी सुरुवात' या पक्षाच्या संसदीय गटाचे नेते झालेले देल्यान पेएव्स्की यांच्यावर अमेरिकेने २ जून २०२१ रोजी आणि ब्रिटनने १० फेब्रुवारी २०२३ रोजी भ्रष्टाचाराच्या कारणावरून निर्बंध घातले. त्यांच्या बचावासाठी तेव्हापासून एकच युक्तिवाद पुन्हा पुन्हा पुढे केला जातो. बल्गेरियाच्या कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेले नाही, निर्बंध हे परकीय राजकारण आहे आणि मतदारांनी त्यांना निवडून दिले आहे, तेव्हा हा विषय संपला, असे सांगितले जाते.

यातील पहिले विधान खरे आहे. पेएव्स्की यांनी आरोप नाकारले आहेत, आणि निर्बंध म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हे त्यांच्या विरोधकांनीही विसरू नये. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण अमेरिकेच्या अर्थखात्याचा आरोप केवळ लाचेचा नाही. २०१९ च्या स्थानिक निवडणुकांच्या वेळी पेएव्स्की यांनी राजकारण्यांना पाठिंबा आणि प्रसारमाध्यमांतून अनुकूल प्रसिद्धी देऊ केली व त्या बदल्यात फौजदारी तपासापासून संरक्षण मागितले, असे त्या खात्याने म्हटले आहे. तपासच रोखला गेल्याचा आरोप असताना तपासातून काही निघाले नाही, हा निर्दोषत्वाचा पुरावा कसा मानायचा? युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ साली कोलेव्ही प्रकरणात असे नमूद केले होते की, बल्गेरियातील अभियोक्ता (सरकारी वकील) यंत्रणेची रचनाच अशी आहे की मुख्य अभियोक्त्याविरुद्ध स्वतंत्र तपास होणे प्रत्यक्षात जवळपास अशक्य ठरते. तो निकाल पेएव्स्की यांच्याविषयी नव्हता. परंतु देशातील यंत्रणेच्या मौनाला किती वजन द्यायचे, हे ठरवताना तो बाजूला ठेवता येत नाही.

निर्बंधांमागे परकीय राजकारण आहे, हा आक्षेप मला या तिन्हींत सर्वांत वजनदार वाटतो. अशी यादी सरकार करते, न्यायाधीश नव्हे. हंगेरीचे तत्कालीन मंत्री अंतल रोगान यांचे नाव अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये यादीत घातले आणि अमेरिकेतील सत्तांतरानंतर एप्रिलमध्ये काढूनही टाकले. मात्र पेएव्स्की यांच्या बाबतीत ब्रिटनने स्वतःच्या कायद्याखाली वेगळा निर्णय घेतला, त्यामुळे हे केवळ वॉशिंग्टनच्या मर्जीचे प्रकरण आहे, असे म्हणता येत नाही. शिवाय त्यांच्याविषयीचा संशय बाहेरून आयात झालेला नाही. १४ जून २०१३ रोजी संसदेने चर्चेविना त्यांची राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या प्रमुखपदी निवड केली, तेव्हा त्याच संध्याकाळी सोफियातील हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. संघटित गुन्हेगारीविरोधी तपासाचे अधिकारही याच संस्थेकडे नुकतेच सोपवले गेले होते. दुसऱ्याच दिवशी पेएव्स्की यांनी माघार घेतली, तरीही निदर्शने कित्येक महिने चालू राहिली. अमेरिकेचे निर्बंध येण्याआधी आठ वर्षे बल्गेरियाच्याच लोकांनी हा प्रश्न विचारला होता, आणि 'परकीय कारस्थान' म्हणणारे या लोकांना सोयीस्करपणे वगळतात, याचा मला मनापासून राग येतो.

राहिला मतदारांच्या कौलाचा मुद्दा. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत सुमारे ३९ टक्के मतदान झाले आणि त्यातील सुमारे साडेअकरा टक्के मते पेएव्स्की यांच्या पक्षाला मिळाली. या मतांनी त्यांना संसदेत बसण्याचा पूर्ण अधिकार दिला आहे, आणि तो निर्बंधांनी काढूनही घेतलेला नाही. निर्बंधांमुळे त्या त्या देशातील मालमत्ता गोठते, आर्थिक व्यवहारांवर बंदी येते आणि तेथील प्रवेश रोखला जातो. परंतु २०१९ मध्ये तपास रोखण्याचा सौदा झाला की नाही, हे मतपत्रिकेवर विचारलेले नव्हते. त्याचे उत्तर सोफियातील अभियोक्त्यांनी, पुरावे तपासून आणि कारणे जाहीर करून, द्यायचे आहे.