गुण कुणाच्या औषधाचा?

कायमचा बंद पडलेला कॉम्प्युटर परवडला. तो उचलून दुकानात नेऊन ठेवता येतो. अधूनमधून बंद पडणारा दुकानात नेला की सुरळीत चालतो आणि वेडे ठरतो आपण.

माझा धंदा लोकांचे हिशेब लिहायचा. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरात पुढच्या खोलीतच टेबल आहे. दिवाळीत नवा कॉम्प्युटर असेंबल करून आणला. १६ जीबी रॅम (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी), काचेच्या बाजूचं कॅबिनेट, आत निळे-जांभळे दिवे. दिवे मी मागितले नव्हते, हल्ली ते घ्यावेच लागतात. आईनं हळद-कुंकू वाहिलं, पेढा ठेवला, आणि काही दिवसांतच त्यानं पहिल्यांदा मान टाकली. तीही महिन्याच्या २० तारखेला. जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची ती शेवटची तारीख, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

पूर्वी विंडोजचा पडदा अशा वेळी निळा व्हायचा आणि वर एक रडकं तोंड यायचं. २०२५ मध्ये विंडोज ११ नं ते तोंड काढून टाकलं आणि पडदा काळा केला. म्हणजे सुतक तेवढंच, सांत्वन बंद.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचं एक दप्तर असतं. त्यात बघितलं तर नोंद होती: कर्नेल-पॉवर, ४१. मोठ्या आशेनं वाचली. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ. पंचनाम्यात मृत्यूचं कारण म्हणून 'मरण' लिहावं, तसं.

मग कॅबिनेट मोपेडवर पायांत धरून राजारामपुरीकडं निघालो. मिरजकर तिकटीच्या गर्दीत शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं, "काय झालंय?" सांगितलं. गर्दी सुटायच्या आत त्यानं निदान करून टाकलं, "एसएमपीएस उडालाय बघा." म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा. दुकानातल्या पोरानं बटण दाबलं, डेस्कटॉप आला, माऊस गरगर फिरवला. "दादा, चालतंय की!" मी हटेना म्हटल्यावर त्यानं रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडांवर शाळेतलं खोडरबर घासलं, फुंकर मारली आणि अंगठ्यानं 'टक्' होईपर्यंत दाबून परत बसवल्या. जाता जाता बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या सेटिंगमध्ये, रॅमचा वेगही उतरवला. घरी आणला, आठवडाभर काही झालं नाही. खोडरबरला गुण आला.

मग पुन्हा मान टाकली.

आता शेजारचे आण्णा आले. त्यांची उभी हयात उद्यमनगरात लेथवर गेलेली. त्यांनी कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली आणि डोळे बारीक केले. "झिणझिणतंय. आर्थिंग हाय का न्हाई घराला?" होल्डरला दोन वायरी जोडलेला त्यांचा टेस्टलॅम्प आला. एक टोक फेजला, दुसरं आर्थिंगच्या भोकात. बल्ब ढिम्म, म्हणजे आर्थिंग नाहीच. आण्णांचा चेहरा मात्र उजळला. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले लहानसे कपॅसिटर असतात. आर्थिंग नसलं की २३० च्या निम्मे व्होल्ट पत्र्यावर तरंगत राहतात. करंट नावापुरता, पण हाताला कळतो. परड्यात खड्डा काढला, मीठ आणि कोळसा आला, वायरमन आला, अर्धी गल्ली आली. खड्डा किती खोल हवा, यावर गल्लीत दोन तट पडले. आर्थिंग घ्यायला हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. चांगले पंधरा दिवस बरे गेले. आण्णांना गुण आला.

नंतर भाच्यानं विंडोज फॉर्मॅट मारलं आणि पैशांऐवजी मिसळीवर मांडवली केली. त्यालाही चार दिवस गुण आला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अधूनमधून येणाऱ्या दुखण्यावर जगातलं कुठलंही औषध चालतं. आजार आपल्या वेळेनं थांबतो, आणि त्या वेळी ज्याचा हात पुढं असेल तो धन्वंतरी. आईनं हे आधीच ओळखलं असावं. "मी तवाच म्हणत होतो, नजर लागलीया," असं म्हणून तिनं काचेसमोर लिंबू-मिरची बांधली. आतल्या जांभळ्या उजेडात ती फारच आधुनिक दिसायला लागली.

मी शेवटी मला येतं ते केलं. वही घातली. तारीख, वेळ, काय काय उघडं होतं, पडद्यावर काय आलं. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट. एका अशिलाची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात आहे. तिनं वहीचे फोटो बघितले. "काका, दरवेळी नवं कारण सांगतोय म्हणजे कारण एकच असणार. रात्रभर मेमटेस्ट लावा."

पेनड्राईव्हवरून चालणारा हा प्रोग्रॅम रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो आणि परत वाचून बघतो. सकाळी पडद्यावर लाल ओळी. एकेक पट्टी वेगळी लावून बघितली. एक स्वच्छ, दुसरी लाल. ओळी निरखून बघितल्या तर सगळ्या एकाच जागेच्या, आणि फरक एका बिटाचा, म्हणजे एका शून्य-एकाचा. १६ जीबी म्हणजे १३ हजार ७०० कोटींहून जास्त बिट, आणि त्यातलं एक खोटं बोलत होतं! त्या जागी फोटोचा ठिपका येऊन पडला तर कुणाला कळत नाही. विंडोजचं स्वतःचं काही पडलं की काळा पडदा. दुकानात नुसता डेस्कटॉप उघडला की बरीचशी रॅम रिकामीच, त्या बिटाकडं कुणी फिरकतच नव्हतं. म्हणून "चालतंय की".

हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. पण हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या पोटात वेगळाच गोळा आला: फोटोचा ठिपका बदलतो तसा एक्सेलमधला एखादा आकडा बदलला असेल तर? दिवाळीपासूनच्या सगळ्या अशिलांच्या शीट मूळ बिलांशी ताडून बघत बसलो. सगळं बरोबर निघालं. एक फरक सापडला, पण तो एका अशिलानं स्वतःच्या हातानं केलेला होता, आणि त्याच्या फायद्याचा होता.

दुकानदार आधी "रॅम कधी जात नसती ओ" म्हणाला. लाल ओळींचा फोटो दाखवल्यावर वॉरंटीत जोडी बदलून मिळाली. तेव्हापासून मशीन ठणठणीत आहे.

श्रेय मात्र अजून वाटपात आहे. आण्णांच्या मते आर्थिंग मुरायला वेळ लागतो. भाच्याच्या मते त्यानं टाकलेले ड्रायव्हर उशिरा बसले. दुकानातला पोरगा खोडरबरावर ठाम. आई वाद घालत नाही, दर शनिवारी लिंबू बदलते. त्याचा खर्च मी माझ्या वहीत 'संगणक देखभाल व दुरुस्ती' या खात्याला टाकतो. गेल्या तिमाहीत त्या खात्यात लिंबू-मिरचीशिवाय दुसरी नोंद नाही, आणि ते पान मी आईला अजून दाखवलेलं नाही.