हाकेचं नाव आणि वहीतलं नाव

नमस्कार,

माझ्या सासरच्या, जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या घराण्याच्या वंशावळीवर मी लिहिलेल्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर लिहिते. तुमचे आक्षेप दोन. पहिला, "तीन कागदांत तीन वेगळी नावं असताना हा एकच माणूस, हे तुम्ही ठरवलंत कसं? ही वंशावळ नव्हे, सासरच्यांना आवडेल अशी जुळवलेली गोष्ट आहे." दुसरा, "जर्मन लोकांची नावं एलिस आयलंडच्या कारकुनांनी बदलून टाकली, हे सगळ्यांना माहीत आहे. मग शोधायला उरतं काय?" (एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं, बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करणारं केंद्र.)

दुसरा आधी घेते, कारण तो लवकर संपतो. माझ्या सासऱ्यांचे मूळ पुरुष १७४९ साली फिलाडेल्फियाला उतरले. एलिस आयलंडचं केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ रोजी. आणि तिथेही कारकून नावं लिहून घेत नसत. जिथून बोट सुटली त्या बंदरात, म्हणजे हॅम्बुर्ग, ब्रेमेन अशा ठिकाणी तयार झालेली यादी ते समोर धरून पडताळत. नावं बदलली ती नंतर, दुकानात, शाळेत, शेजाऱ्यांच्या तोंडी, आणि बरेचदा ज्याचं नाव त्यानेच बदललं.

आता पहिला आक्षेप. फिलाडेल्फिया ज्या ब्रिटिश वसाहतीत होतं त्या पेनसिल्व्हेनियात १७२७ पासून नियम होता की जर्मन प्रवासी घेऊन येणाऱ्या कप्तानाने त्यांची यादी द्यायची, आणि सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करायची. त्यामुळे एकाच बोटीच्या दोन-तीन याद्या सापडतात. कप्तानाची यादी इंग्रजी कानाने ऐकलेली. शपथेच्या यादीत मात्र ज्याला लिहिता येई त्याने स्वतःच्या हाताने, जर्मन वळणात, नाव लिहिलेलं. या सह्यांची छायाचित्रं १९३४ साली ग्रंथरूपात छापली गेली, म्हणून आज आपल्याला ती घरबसल्या बघता येतात.

आमच्या घराण्याचं आडनाव मी कुटुंबाच्या इच्छेमुळे इथे देत नाही, पण ते 'प्फ' या जोडाक्षराने सुरू होतं. ही माणसं जर्मनीतल्या ज्या मुलखातली, त्याचं नावही 'प्फाल्त्स'. तिथल्या बोलीत मात्र सुरुवातीचा 'प्फ' नुसता 'प' होतो, स्वतःच्या मुलखालाही ते 'पाल्त्स' म्हणतात. म्हणजे इंग्रज कप्तानाने 'प' लिहिलं ते चुकीचं नव्हतं, त्याने जे ऐकलं तेच लिहिलं. त्याच आठवड्यात त्या माणसाने सही करताना शाळेत शिकवल्याप्रमाणे 'प्फ' लिहिलं. आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाला तो मुद्दाम, इथे कुणाचाच काही हेतू नव्हता.

हे एकट्या आमच्या घराण्याचं नाही. अमेरिकेचे एकतिसावे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचे पूर्वज आंद्रेआस हूबर १७३८ साली पेनसिल्व्हेनियात आले. त्या बोलीत दोन स्वरांमधला 'ब' मऊ होऊन 'व'कडे झुकतो. हूबरचा हूवर इंग्रजांनी केला असं वाटतं, पण निम्मा तो बोलीनेच केलेला होता.

पहिल्या नावाची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत 'योहान गेओर्ग', शपथेच्या यादीत 'गेओर्ग', जमिनीच्या कागदात 'जॉर्ज'. तुम्ही विचारता, योहान कुठे गेला? तो कुठेच गेला नाही, त्या नावाने त्याला कुणी हाक मारतच नव्हतं. त्या काळी एका घरात चार भाऊ असले तर चौघांच्या आधी 'योहान' लागलेलं असू शकतं: योहान गेओर्ग, योहान आडाम, योहान मिखाएल, योहान पेटर. ओळख असे ती दुसऱ्या नावाने, आणि जर्मनमध्ये त्या नावाला जो शब्द आहे त्याचा अर्थच 'हाकेचं नाव' असा होतो. आपल्याकडे पत्रिकेतलं एक नाव आणि घरातलं दुसरं असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटू नये. त्या काळी बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' लागे, म्युलरची म्युलरिन, तेही आपल्या पाटील-पाटलीणसारखंच. ते वेगळं आडनाव समजून किती जणांनी शोध सोडून दिले असतील! त्यात लिपी जुनी. त्या वळणात 'ए' आणि 'एन' ही अक्षरं इतकी सारखी दिसतात की मोडी वाचणाऱ्यांनाच माझी अडचण कळेल.

पण नावं अशी बदलतात म्हणून कुणालाही कुणाशी जोडता येत नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. म्हणून मी नावावर माणूस ठरवलेलाच नाही. गावच्या अंमलदाराच्या दप्तरात १७४९च्या वसंतातली नोंद आहे: विणकर, बायको, दोन मुलं, वेठीतून मुक्त होण्याची रक्कम आणि नेत असलेल्या मालमत्तेवरचा कर भरला, जाण्याची परवानगी दिली. त्या वर्षानंतर गावच्या चर्चच्या वहीत हे कुटुंब दिसत नाही, ना जन्मात ना मृत्यूत. पेनसिल्व्हेनियात झालेल्या पहिल्या मुलाचे धर्मपिता-धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलासाठी उभे राहणारे, त्याच गावचे, त्याच बोटीने आलेले. आणि सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मृत्युपत्र. वर कारकुनाने इंग्रजीत 'जॉर्ज' आणि 'प'ने सुरू होणारं आडनाव लिहिलं आहे, खाली म्हाताऱ्या हाताने 'गेओर्ग', 'प्फ'सकट, जर्मन वळणात सही आहे. एकाच कागदावर दोन्ही नावं! १७४९ची सही शेजारी ठेवून पाहिली तर 'ग'ची मागे वळलेली शेपटी तीच आहे. तो कागद पाहिला तेव्हा माझे सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत.

एका ठिकाणी तुम्ही मला बरोबर पकडलंत. त्यांच्या पत्नीचे आईवडील म्हणून मी जे जोडपं दिलं, त्याला आधार फक्त नावाचा होता. वहीत ती 'आना मारिया' आहे, आणि त्या गावात त्याच दहा वर्षांत जन्मलेल्या आना मारिया चार आहेत. त्यांपैकी एक बालपणीच गेली आणि पुढच्या बहिणीला तेच नाव ठेवलं, तशी रीतच होती. उरलेल्या तिघींमधून मी जी निवडली ती तिचा जन्म सोयीच्या वर्षी झाला म्हणून. नवऱ्याच्या बाबतीत जी काळजी घेतली ती तिच्या बाबतीत घेतली नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण बायकांचा माग असाच हलगर्जीपणाने हरवत आलेला आहे. तिघींच्याही धर्ममातांची नावं आता उतरवून काढली आहेत. मुलांना सहसा धर्ममातेचं किंवा धर्मपित्याचं नाव मिळे, तेव्हा हिच्या मुलींच्या बाप्तिस्म्याला कोण उभं होतं हे त्यांच्याशी ताडून बघते आहे. तोपर्यंत मूळ लेखात तिच्या आईवडिलांपुढचं 'नक्की' काढून 'बहुधा' केलं आहे, आणि उरलेल्या दोन शक्यताही खाली दिल्या आहेत.